पाटीच्या मागचा पक्षी

वळणावरच्या दिशादर्शक पाटीची मागची बाजू कुणी बघत नाही. पुढून बाण असतो, गावांची नावं असतात, अंतर असतं. मागे नुसता राखाडी पत्रा आणि दोन नटबोल्ट. मी रोज उलट्या दिशेने चालत येते, म्हणून मला मागचीच बाजू दिसते. एके दिवशी तिथे एक पक्षी आला होता. तळहाताहून लहान, डोळे मिटलेला, मान पंखात अर्धी खुपसलेली. चोच लाल, छातीवर पिवळ्या रेघा, पंख निळे, आणि भोवतीची काळी रेघ मार्करने एका दमात ओढलेली. स्टिकर होता तो, कडा कात्रीने कापलेल्या. शेपटीपाशी कात्री वळवताना हात जरा अडखळला असावा, कारण तिथे पांढऱ्या कागदाचा एक त्रिकोण जास्तीचा राहिला होता.

त्या त्रिकोणापाशी मी थांबले. छापील जाहिरातीला असा त्रिकोण नसतो. कुणीतरी टेबलाशी बसून हे काढलंय, कापलंय, खिशात घालून इथवर आणलंय आणि लावून निघून गेलंय. विकायला काही नाही, पत्ता नाही, नाव नाही. त्या दिवसापासून मी खांब, विजेचे डबे, पाण्याचे पाइप, पाट्यांच्या पाठी बघायला लागले. एकदा नजर बसली की मग शहर दुप्पट होतं. ज्या रस्त्यावरून दहा वर्षं गेलो, तिथे गुडघ्याच्या उंचीवर हसणारा दात आहे, डोक्याच्या वर तीन डोळ्यांचं मांजर आहे, आणि कुणीतरी एकच ढग सात ठिकाणी सात मूडमध्ये लावून ठेवलाय, हे तोवर माहीतच नसतं.

रस्त्यावरच्या स्टिकरबद्दल बोलताना लोक लगेच भिंतीवरच्या मोठ्या चित्रांकडे वळतात. मला ते वळण पटत नाही. भिंतीवरचं चित्र तुम्हाला दुरून हाक मारतं. स्टिकर हाक मारत नाही. तुम्ही जवळ गेलात तरच तो असतो. आणि लावायला लागतात जेमतेम तीन सेकंद. मागचा गुळगुळीत कागद सोलायचा, टेकवायचा, अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं. झालं. काम सगळं घरी झालेलं असतं. स्प्रेचे डबे घेऊन रात्री भिंतीसमोर उभं राहण्यात जो धोका असतो, तो टाळायला ग्राफिटीवाल्यांनी स्टिकर जवळ केला याचं मुख्य कारण हेच. घरात निवांत काढा, बाहेर क्षणात लावा.

त्या अंगठ्याच्या दाबाचं मला अजून नवल वाटतं. या डिंकाला पाणी लागत नाही, आच लागत नाही, वाळायला वेळही लागत नाही. त्याला फक्त दाब हवा. दाबला की तो पातळ पदार्थासारखा वागतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पत्र्याच्या खाचाखोचांत शिरतो. ओढायला गेलं की घट्ट पदार्थासारखा हटून बसतो. रासायनिक क्रिया काही नाही, नुसती जवळीक. म्हणून धुळकट जागी स्टिकर टिकत नाही. तो पत्र्याला नाही, धुळीला चिकटलेला असतो. लावल्या लावल्या सोलला तर सहज निघतो, आणि 24 तास गेले की त्याची पकड बरीच वाढलेली असते, कारण डिंक तेवढा वेळ सावकाश आत सरकतच असतो. जाणती माणसं आधी बाहीने जागा पुसतात आणि मग कडांवर नख फिरवतात. स्टिकर मधून कधी निघत नाही, तो कडेपासून मरतो.

आज आपण हे गृहीत धरतो, पण सोलून लावायचं, आधीच कापलेलं लेबल हा शोध फार जुना नाही. 1935 साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी नावाच्या तरुणाने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, शिवणयंत्राचे भाग आणि एक करवत यांची जोडाजोड करून असं लेबल बनवणारं यंत्र उभं केलं. त्यासाठी होणाऱ्या बायकोकडून 100 डॉलर उसने घेतले. दुकानातल्या वस्तूंवर किंमत लावायची, आणि काढल्यावर वस्तूवर डाग राहू नये, एवढाच हेतू. त्याआधी चिठ्ठी चिकटवायची तर पाठीवरचा वाळलेला डिंक जिभेने ओला करावा लागे, तिकिटासारखा. तशाही काळात लोकांनी हे माध्यम सोडलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड या कामगार संघटनेने बोटभर चिठ्ठ्या छापून वाटल्या आणि त्यांना नाव दिलं ‘सायलेंट अॅजिटेटर्स’, म्हणजे मुके चळवळे. कामगार त्या जिभेला लावून कारखान्याच्या दारांवर, अवजारांवर, डब्यांवर चिकटवत. ज्याला सभेत उभं राहून बोलता येत नव्हतं, बोललं तर काम जात होतं, त्याच्या खिशात आता बोलणारं काहीतरी होतं. मला हे चित्र फार आवडतं: पाळी संपवून निघालेला माणूस, जिभेवर डिंकाची चव, आणि मागे दारावर चार शब्द.

आजच्या रस्त्यावरच्या स्टिकरचा उगम सांगताना सगळे 1989 वर येतात, आणि ते बरोबरच आहे. र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकणाऱ्या शेपर्ड फेअरीने त्या उन्हाळ्यात मित्राला स्टेन्सिल, म्हणजे रंग भरायचा कागदी साचा, कापायला शिकवताना वर्तमानपत्रातल्या कुस्तीच्या जाहिरातीतून आंद्रे द जायंटचा चेहरा उचलला. शेजारी त्या पैलवानाची उंची आणि वजन टाकलं, 7 फूट 4 इंच, 520 पौंड, आणि आंद्रेची एक टोळी आहे असं एक वाक्य. प्रॉव्हिडन्स शहरात त्याने ते चिकटवायला सुरुवात केली, स्केटबोर्डवाल्या मित्रांनी पुढे नेलं, आणि बघता बघता ते दुसऱ्या शहरांत दिसायला लागलं. लोक विचारायला लागले, हे काय आहे? कसली टोळी? पुढच्याच वर्षी त्याने एक लहानसं जाहीरनाम्यासारखं टिपण लिहिलं, त्याचा आशय असा, की या स्टिकरला अर्थ नाही. तुम्ही थांबावं, त्यावर काहीतरी वाटावं, एवढ्यासाठी तो आहे. फेअरीचं पुढचं काम फार मोठं झालं, कपड्यांवर गेलं, निवडणुकीच्या पोस्टरवर गेलं. माझ्या लेखी त्याचं खरं देणं मात्र त्या पहिल्या काळ्यापांढऱ्या चौकोनातच आहे. एका विद्यार्थ्याला कुणाचीही परवानगी न घेता शहराला प्रश्न पाडता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

मग साधनं निघाली. अमेरिकेच्या टपालखात्याचं ‘लेबल 228’ हे पार्सलवर पत्ता लिहायचं चिकट लेबल फुकट मिळायचं, वर मोठी पांढरी मोकळी जागा. चित्रकारांना यापेक्षा काय हवं! टपालखात्याच्या लेखी ते फक्त टपालासाठीच आहे, पण जगभरच्या संग्रहांत या लेबलांवरची हातची चित्रं आज सापडतात, आणि लाल-निळी पट्टी बघून ती लांबूनही ओळखू येतात. तसंच ते परिषदांमध्ये छातीवर लावायचं ‘हॅलो माय नेम इज’. त्या चौकोनात लोकांनी रस्त्यावरची आपली टोपणनावं लिहिली. ज्याने स्वतःचं खरं नाव लपवलंय, त्याने नावाच्याच लेबलवर सही करावी, यात मला काहीतरी फार हळवं दिसतं.

मी स्वतः स्टिकर करायला लागले ते त्या पक्ष्यानंतर सहा महिन्यांनी. पहिली खेप घरच्या इंकजेट प्रिंटरवर, साध्या चिकट कागदावर. सुरेख दिसत होती. पहिल्या सरीत सगळी शाई वितळून खांबावरून जांभळ्या ओघळांत खाली आली. मग कळलं, इंकजेटची शाई बहुतेकदा पाण्यात विरघळते. लेझरची पावडर म्हणजे वितळवून बसवलेलं प्लॅस्टिक, ती पाण्याला दाद देत नाही, पण घडी पडली की तिचे पोपडे उडतात. सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई, सगळ्यांत टिकाऊ, पण त्याला जागा आणि सवड लागते. शेवटी मी मार्करवर स्थिरावले, रंगकण असलेल्या, पेंटसारख्या मार्करवर. प्रत्येक स्टिकर वेगळा निघतो. पन्नास काढले की पन्नास वेळा तीच रेघ ओढावी लागते, आणि पस्तिसाव्यानंतर केव्हातरी हात विचार सोडून देतो. त्यानंतरचे पंधरा सगळ्यांत चांगले असतात.

उन्हाचंही एक शास्त्र शिकले. रस्त्यावर लाल आणि पिवळा आधी जातात. निळा आणि काळा मागे राहतात. म्हणून जुने स्टिकर सगळे निळसर दिसतात, कुठल्याही शहरात, कुणाचेही. माझ्या वळणावरचा पक्षीही तसाच निघाला. पहिल्या उन्हाळ्यात छातीवरचा पिवळा गेला. दुसऱ्यात चोच गुलाबी झाली, मग मातकट, मग पांढरी. मी दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोटो काढत होते. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच वाटायचं, की ज्याने हे लावलं त्याला हे कुठे दिसतंय?

स्टिकर लावणारा माणूस लावून निघून जातो. त्याच्या कामाचं पुढे काय झालं, कुणी बघितलं, कधी फाटलं, कुणी त्यावर मिशा काढल्या, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. आणि बघणाऱ्याला कधी कळत नाही की हे कुणी केलं. दोघं एकाच पत्र्यापाशी दोन वेगळ्या वेळी उभे असतात. यांची गाठ पडायची कुठे?

ती गाठ झाइनमध्ये पडते.

झाइन म्हणजे स्वतः लिहून, स्वतः छापून, स्वतः पिना मारून काढलेली चोपडी. नफा नाही, संपादक मंडळ नाही, खपाची चिंता नाही. त्याचा जन्मही असाच, न भेटलेल्या माणसांच्या भेटीतून झालेला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली विज्ञानकथांची मासिकं वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यांसकट छापत. वाचकांनी संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहायला सुरुवात केली. त्यातून मंडळं झाली, आणि मे 1930 मध्ये शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने ‘द कॉमेट’ काढलं, ज्याला बहुतेक जण पहिलं फॅन्झिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेलं मासिक, मानतात. ‘फॅन्झिन’ हा शब्द आला दहा वर्षांनी, 1940 मध्ये. पुढे ‘फॅन’ गळून नुसतं झाइन उरलं. 1959 साली झेरॉक्सचं 914 हे यंत्र आलं (9 बाय 14 इंचांपर्यंतचा कागद घेतं म्हणून 914) आणि हळूहळू नक्कल काढणं कचेरीतल्या कुठल्याही माणसाच्या हातात आलं. 1976 मध्ये लंडनच्या पंक संगीताच्या मंडळींनी टाइपरायटर आणि स्केचपेनवर पानं जुळवून झाइन काढली ती याच यंत्रांच्या जोरावर. पण मला यातलं सगळ्यांत जिव्हाळ्याचं वाटतं ते माइक गंडरलॉय यांचं काम. 1982 मध्ये त्यांनी ‘फॅक्टशीट फाइव्ह’ सुरू केलं, आणि त्यात काय असायचं? दुसऱ्यांच्या झाइनची ओळख आणि ती मागवायचा पत्ता. अंकामागून अंक, शेकडो पत्ते. ज्याला आपण चळवळ म्हणतो, तिच्या पोटात बरेचदा अशी एक पत्त्यांची यादी आणि ती न कंटाळता लिहून काढणारा एक माणूस असतो.

स्टिकरवाल्यांची झाइन वेगळ्या तऱ्हेने चालते. मी ज्या मंडळात आहे तिथे तीसेक नावं आहेत, सगळी टोपणनावं. दर अंकाला प्रत्येकाने आपले तीस स्टिकर पाकिटात घालून पाठवायचे, सगळे एकाच नमुन्याचे. ज्याची पाळी असेल तो तीस प्रती छापतो, प्रत्येक प्रतीत प्रत्येकाचा एकेक स्टिकर ठेवतो आणि परत पाठवतो. तीस द्या, तीस घ्या. हिशेब इतका सरळ की त्यात पैसा शिरायला फटच राहत नाही. छापलेल्या पानांवर काय असतं? रस्त्यावरचे फोटो, कुठली शाई टिकली, कुठला कागद फसला, एखाद्याचं आजारपण, एखाद्याच्या गेलेल्या कुत्र्यावरची चार ओळींची नोंद. या शतकाच्या पहिल्या दशकात इंडियानापोलिसहून डेव्ह आणि हॉली कोम्ब्स स्टिकरकलेचं ‘पील’ हे मासिक काढत, त्याची तऱ्हाही अशीच घरगुती सुरू झालेली. पुढे ते चांगलं गुळगुळीत झालं, त्याचं पुस्तक आलं. आमचं तसं काही होणार नाही, आणि व्हावं असं कुणाला वाटतही नाही.

पाकिटं यायला लागली की ते पंधरा दिवस मी दुसरं काही करत नाही. पाकीट उघडायच्या आधीच अंदाज येतो. एक जण पाकीटही जुन्या नकाशातून शिवून पाठवतो. एकीचे स्टिकर नेहमी एकतीस असतात. एक जादा, मोजताना चूक झाली तर असावा म्हणून, आणि ती चूक आजवर झालेली नाही. कुणी मागच्या कागदावर पेन्सिलीने नंबर घालतं. कुणाच्या स्टिकरला पेट्रोलचा वास, कुणाच्या साबणाचा. मी ते टेबलावर तीस रांगांत मांडते आणि एकेक उचलत पाकिटं भरते. या लोकांपैकी चौघांनाच मी प्रत्यक्ष भेटले आहे. बाकीच्यांचा आवाज, वय, चेहरा मला ठाऊक नाही, पण कात्रीची चाल ठाऊक आहे. कोण गोलाई एका झटक्यात घेतं आणि कोण लहान लहान काप घेत जातं, हे सांगता येतं. माणूस ओळखायची ही रीत मला कमी वाटत नाही.

छपाईत एकदा मोठा घोळ झाला. सोळा पानांचा अंक होता. मधे पिन मारायची चोपडी करताना पानं क्रमाने छापून चालत नाहीत: 1 च्या शेजारी 16, 2 च्या शेजारी 15, असं करत मध्यावर 8 आणि 9. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 17. ते मी चोख केलं होतं. पण कागद पाठपोट छापताना तो लांब कडेवर उलटतो की आखूड कडेवर, हे सांगायचं राहिलं. तीसच्या तीस प्रतींत एक सोडून एक जोडपान डोक्यावर उभं. कागद संपला होता, पाकिटं तयार होती, आणि ज्यांनी आपलं लिहिलेलं विश्वासाने पाठवलं होतं त्यांचा अंक मी वाया घालवला, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तशीच पाठवून दिली, सोबत माफीची चिठ्ठी. महिन्याभरात उत्तरं आली. जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं होतं की अंक फिरवत फिरवत वाचावा लागला, त्यामुळे सगळा वाचला. एरवी चाळला असता. त्या पत्रांनी मला जे दिलं, ते नीट छापलेल्या कुठल्याच अंकाने दिलेलं नाही.

आता एक अवघड गोष्ट. स्टिकर लावणं हे बहुतेक शहरांत नियमाबाहेर आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागी काही चिकटवलं तर ते विद्रूपीकरण ठरतं, आणि दंड होतो. आमच्यात न लिहिलेले नियम आहेत: पाटीच्या पुढच्या बाजूला, जिथे कुणाला रस्ता कळायचा असतो, तिथे कधीही नाही. जुन्या दगडी वास्तूवर नाही. कुणाच्या घरावर, दुकानाच्या काचेवर नाही. आणि दुसऱ्याच्या स्टिकरवर आपला नाही, तो अगदी फाटून गेला असेल तरच. हे नियम पाळले की सगळं माफ होतं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

मग एका सकाळी एक काका विजेचा डबा साफ करताना दिसले. हातात पातळ पात्याची खरवडणी, बाजूला पाण्याची बाटली आणि फडकं. मी थांबले. त्यातला एक माझा होता, हे त्यांना सांगितलं नाही.

“काका, हे रोज काढावं लागतं?”

“रोज नाही. पण लावणारे रोज लावतात.” त्यांनी एका कोपऱ्यावर पाणी मारलं. “हे कागदाचं बघा, ताई. भिजवायचं, दहा मिनिटं दुसरं काम करायचं, आलं की सालासारखं निघतं. त्याचा काही राग नाही. पण हे,” असं म्हणून त्यांनी शेजारच्या एका पांढऱ्या स्टिकरला पातं लावलं. तांदळाएवढा तुकडा उडाला. पुन्हा लावलं, पुन्हा तांदळाएवढा. “हे असं. एकाला अर्धा तास. बोटं सुजतात.”

तो स्टिकर ज्या जातीचा होता तिला एगशेल म्हणतात, अंड्याचं कवच. मुळात हा कागद नव्हेच, ते मुद्दाम ठिसूळ केलेलं व्हिनाइल. यंत्रांवर वॉरंटीचं सील म्हणून लावतात. कुणी उघडायचा प्रयत्न केला की तुकडे होतात आणि कळतं. रस्त्यावरच्या लोकांना त्याचा नेमका हाच गुण भावला. सोलता येत नाही म्हणजे टिकतं. माझ्याकडेही तेव्हा त्याची एक अख्खी गड्डी होती. काकांच्या पात्याला चिकटलेला तो तांदूळ बघितल्यावर ती मी वापरू शकले नाही. आपण ज्याला शहराशी बोलणं म्हणतो, त्यातलं उत्तर कुणाच्या तरी बोटांनी द्यायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या अंकात मी हे लिहिलं. वाद झाला, आणि चांगला कडक झाला. एकाने लिहिलं, की त्याच्या शहरात कागदी स्टिकर एक दिवसही राहू देत नाहीत, म्हणून एगशेल. आमचा आवाज पुसणाऱ्याची सोय आम्ही का बघायची? त्याचं म्हणणं मी समजू शकते. ज्याला बोलायला दुसरी जागाच नाही, त्याचा प्रश्न वेगळा आहे. पण तीन डोळ्यांचं मांजर आणि हसणारा दात यांना कायमचं राहायचा हक्क आहे असं मला वाटत नाही. माझा कौल कागदाला. त्याला जाता येतं.

जाणाऱ्या गोष्टी कुणीतरी ठेवायलाही हव्यात, आणि ठेवणारे आहेत. अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठाच्या कलादालनाने रस्त्यावरच्या स्टिकरांचा संग्रह केलाय. बर्लिनमध्ये ‘हॅच किंग्डम’ नावाचं स्टिकरांचं संग्रहालय उभं राहिलं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात झाइनचं स्वतंत्र ग्रंथालय आहे. घरी आम्ही ठेवतो ते सोलायच्या गुळगुळीत कागदावर. त्याला सिलिकॉनचा हात दिलेला असतो, त्यामुळे डिंक पकडत नाही आणि स्टिकर पुन्हा उचलता येतो. माझ्याकडे अशी चार वह्या भरतील एवढी पानं आहेत.

तो पक्षी मात्र माझ्याकडे नव्हता. त्याची जागा पाटीवर होती.

चौथ्या वर्षी पावसाळ्याआधी पाटी बदलली. नवी आली, पाठ कोरी करकरीत. जुनी कुठे गेली ते कळलं नाही. घरी येऊन मी त्याचे जुने फोटो बाहेर काढले तर ते एकवीस निघाले. त्यातले आठ निवडले आणि एका कागदाची चोपडी केली: एकच ए-फोर कागद, तीन घड्या घालून आठ चौकोन, मधल्या घडीला दोन चौकोनांएवढा काप, आणि मग दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की कागद आपोआप उघडून आठ पानांची झाइन होतो. पिन नाही, डिंक नाही. पहिल्या पानावर लाल चोचीचा पक्षी. आठव्यावर निळी छाया आणि काळी रेघ, शेपटीपाशीचा तो त्रिकोण केव्हाच उडालेला. शब्द एकही घातला नाही. पुढच्या अंकाच्या तीस पाकिटांत ती एकेक टाकली.

सात आठवड्यांनी एक पाकीट आलं, मंडळाबाहेरच्या कुणाचं तरी. आमच्यातल्या एकीने ती चोपडी पुढे दिली, घेणाऱ्याने आणखी पुढे, असं करत ती पोचली होती. पाठवणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, हे पत्रावरून कळत नव्हतं. मराठीत याची अडचण होते, क्रियापद लगेच विचारतं. त्या व्यक्तीने सगळं पत्र ‘झालं’, ‘वाटलं’, ‘कळलं’ यांवरच निभावून नेलं होतं, आणि मीही उत्तर तसंच लिहिलं. पत्र पाच ओळींचं. त्या वळणावरून एकदाच जाणं झालं होतं, बस चुकली म्हणून. पुढे काय झालं हे इतक्या वर्षांत प्रथमच कळलं. आठवं पान भिंतीवर लावलंय.

पत्रासोबत तीस पक्षी होते. तसेच मिटलेले डोळे, तशीच एका दमातली काळी रेघ. रंग मात्र एकच भरला होता, निळा. चोच कोरी सोडली होती, छाती कोरी. आणि तीसच्या तीस पक्ष्यांना शेपटीपाशी कागदाचा एक पांढरा त्रिकोण, मोजून कापलेला.